साहेब बाहेर झोपतात

१ फेब्रुवारी, बुधवार

ही वही घेतली त्याला अडीच महिने झाले. रोज लिहायचं असं ठरवूनच घेतली होती. पहिल्या पानावर नाव लिहिलं, ते अक्षर आवडलं नाही म्हणून सही केली, मग सही सुधारण्यात सात पानं गेली. पेन संपलं. पुढे बंदरावरच्या कॅन्टीनची नोकरी सुटली, त्यानंतरची सुटली, वही बॅगेच्या तळाशी गेली. आज लिहितोय. दोष वहीचाही आहे. एकेरी रेघांची आहे आणि मला चौकटी लागतात.

सध्या मुक्काम ताईकडे. पहिला मजला, दोन खोल्या, मला मागच्या अंगणावरची गॅलरी. गॅलरीला पडदा आहे, म्हणजे खोलीच धरायची.

परिस्थिती अशी. ताई डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. बाळंतपणाची रजा १९ ला संपते. २० ला, सोमवारी, हजर झाली नाही तर दुसरी बाई ठेवू असं त्यांनी लेखी कळवलंय. बाळ पाच महिन्यांचं. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारी बारा ते तीन नुसता भोंगा. झोपत नाही म्हणजे नाही.

जेवताना ताईने स्पष्ट सांगितलं. १९ पर्यंत बाळ माझ्याजवळ दुपारचं झोपायला लागलं, तर मी इथे राहायचं आणि बाळ सांभाळायचं. नाही लागलं, तर ती दिवसभराची बाई शोधणार आणि मी बापूंच्या दुकानात. बापू म्हणजे आमचे वडील, त्यांचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. एक स्टूल, एक दिवा आणि समोर बापू. दोन वर्षांपूर्वी त्या स्टुलावरून उठलो तो परत बसलो नाही. उठताना बापू एकच वाक्य बोलले होते. ते इथे लिहीत नाही, वही नवीन आहे.

संकल्प: रोज लिहिणे. पाचला उठणे. बाळाला नमवणे.

२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ९.४०

उठलो. पाचचा गजर वाजला होता असं ताई म्हणते. मला ऐकू आला नाही, म्हणजे मोबाइल बिघडलाय.

दुपार. साहेबांशी पहिली झुंज. बाळाला मी साहेब म्हणतो. टक्कल, पोट, कपाळाला आठ्या, काम शून्य आणि दिवसभर दुसऱ्यावर ओरडणं. आजवर ज्यांच्या ज्यांच्या हाताखाली राबलो ते सगळे असेच होते. मांडीवर घेतलं. खांद्यावर घेतलं. पंखा लावला, पंखा बंद केला. कपाटाचं दार उघड-मीट केलं. चाळीस मिनिटांनी ताईने येऊन उचललं. म्हणाली, याच्यापेक्षा तुझंच रडणं जास्त ऐकू येत होतं.

संध्याकाळी एकदम खलाशी आठवला. कॅन्टीनमध्ये थंड मुलखातला एक खलाशी रोज अंडी खायला यायचा. त्याने फोनवर एक फोटो दाखवला होता. बाहेर बर्फ, हॉटेलच्या भिंतीला लागून ओळीने सहा बाबागाड्या, प्रत्येकीत एक बाळ गाढ झोपलेलं, आणि त्यांच्या आया आत काचेमागे कॉफी पिताहेत. आमच्याकडे हीच पद्धत, तो म्हणाला. घरात बाळ किरकिरतं, बाहेरच्या हवेत तासन्‌तास झोपतं. तेव्हा मला वाटलं, फोटो खोटा. आता वाटतं, जगात शहाणे लोक आहेत, फक्त ते माझ्या नात्यात नाहीत.

भावजींना सांगितलं. भावजी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात आणि मला पाहुणे म्हणतात. म्हणाले, पाहुणे, तुम्ही रोज दुपारी बागेतल्या बाकावर झोपताच की, तुमच्यात काही सुधारणा दिसली नाही. चाकाखाली काय आहे तेवढंच दिसणाऱ्या माणसाशी शास्त्र बोलू नये.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस.

मागचं अंगण म्हणजे एक पाण्याची टाकी, एक लिंबाचं झाड, कपड्यांच्या चार दोऱ्या आणि एका अंगाला लाँड्रीचं मागचं दार. साडेबाराला बाबागाडी खाली उतरवली. अठरा पायऱ्या, साहेब प्रत्येक पायरीवर वेगळ्या सुरात. लिंबाखाली गाडी लावली, टप ओढला. चार मिनिटांत साहेब आडवे. २.३५ पर्यंत डोळा उघडला नाही.

एकच गालबोट, लाँड्रीवाली बाई. तिच्याकडे कपडे वाळवायचा ड्रम आहे, आत माणूस मावेल एवढा. एरवी तो सकाळी चालतो म्हणे. आज कुठल्याशा लॉजच्या चादरी आल्या म्हणून हिने नेमका दुपारी सुरू केला. घुर्र घुर्र घुर्र, मधूनच एखाद्या बटणाची टकटक, आणि भिंतीतल्या पाइपातून गरम वाफ सरळ अंगणात. एवढ्या गोंगाटात बाळ दोन तास झोपलं, यावरून मोकळ्या हवेची ताकद कळावी.

ताई गॅलरीतून सगळं पाहत होती. वर गेल्यावर म्हणाली, छान. मग, तुझं डोकं चालतं कधीकधी. कधीकधी हा शब्द मी वगळलाय असं समजून पुढे वाचणे.

४ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा यश. तीन मिनिटं लागली. आज हवेला फुलांचा वास होता. आसपास एकही फुलझाड नाही, म्हणजे दुरून आला असणार. निसर्गाचं असंच असतं, देणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

लाँड्रीवाली दारात येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत लाल हात, कमरेला टॉवेल, दातांत कपड्यांचा चिमटा. चिमटा काढून म्हणाली, काय हो मामा, उद्या किती वाजता आणणार याला? मी म्हटलं, ते हवेवर अवलंबून आहे. ती आत तोंड करून म्हणाली, ऐकलं का गं, आपल्याकडे हवामान खातं आलंय. आत इस्त्री करणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या. मग पुन्हा, हो, पण किती वाजता? माझ्या तोंडून साडेबारा निसटलं. शत्रूला वेळ सांगायची नसते.

५ फेब्रुवारी, रविवार

व्हायचं तेच झालं. साडेबाराला गाडी लिंबाखाली टेकली आणि त्याच क्षणी ड्रम सुरू. ही सरळसरळ दुश्मनी. साहेब अर्थात झोपले. मी तिच्याकडे रोखून पाहिलं, तर तिने अंगठा वर करून दाखवला. अशा अंगठ्याचा अर्थ मला कळतो.

दुपारी झाडाखाली बसून पुढचा विचार केला. एक बाळ झोपवायला जेवढी हवा लागते तेवढीच सहा बाळांना लागते. हवा तीच. मग एकावरच का थांबा? गल्लीत लहान मुलं भरपूर, सगळ्यांच्या आया त्रासलेल्या. ‘मोकळी हवा बालनिद्रा केंद्र’. नाव जमलंय. संचालक मी. बापूंना कार्ड पाठवायचं, सोबत चिठ्ठी नाही, नुसतं कार्ड.

संकल्प: उद्यापासून नक्की पाच.

६ फेब्रुवारी, सोमवार

दहा. पण यश चालू. १ तास ५५ मिनिटं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं अनुकूल. लाँड्रीला मंगळवारची सुट्टी. ड्रम बंद, वाफ नाही, टवाळ बायका नाहीत. स्वच्छ ऊन, गार सावली, हवा अशी की बाटलीत भरून विकावी. आणि साहेब एक मिनिट झोपले नाहीत. तीन वाजेपर्यंत नरडं फाडलं. टप चावला. मला लाथ मारली, ती चुकून लागली असं मी मानत नाही.

बराच विचार केल्यावर उलगडा झाला. मंगळवारी हवा जड असते. सोमवारी सगळे कामाला लागतात, धूळ उडते, ती खाली बसायला एक दिवस लागतो. हे अजून कुणी मांडलेलं नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

सिद्धांत खरा ठरला. आज बुधवार, हवा हलकी, साहेब दोन मिनिटांत गार. ड्रम साडेबाराला सुरूच होता, पण ज्याला मुळातच काही फरक पडत नाही त्याचं काय लिहायचं.

ताईला जड हवेचं सांगितलं. ती चपातीचं पीठ मळत होती. हात थांबवून माझ्याकडे बघितलं, म्हणाली, मंगळवारची नको काळजी करूस, मी दवाखान्यात रविवारऐवजी मंगळवारची सुट्टी मागून घेतलीय. परवाच घेतली म्हणे. परवा म्हणजे माझा सिद्धांत तयार होण्याच्याही आधी. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता.

९ फेब्रुवारी, गुरुवार

वाऱ्याची दिशा कळल्याशिवाय केंद्र चालवणं म्हणजे अडाणीपणा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वारा दाखवणारा कोंबडा केला, लिंबावर बसवला. कोंबडा बदकासारखा झाला, फिरतो मात्र छान, वारा नसतानाही.

साहेब झोपल्यावर गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. एक ट्रक वळणावर अडकला होता, क्रेन आली होती. अशा गोष्टी रोज दिसत नाहीत. पाच मिनिटं पाहून परतायचं होतं, पण क्रेनवाला चुकीच्या बाजूने ओढत होता, त्याला सांगणारं कुणी नको? त्याने ऐकलं नाही. चाळीस मिनिटं गेली.

परत येऊन बघतो तर लाँड्रीवाली उपड्या बादलीवर बाबागाडीला खेटून बसलेली. मांडीवर उशांचे अभ्रे, घड्या चालू. गाडीवर मच्छरदाणी. माझ्या परवानगीशिवाय. म्हणाली, हवामान खातं वादळ बघायला गेलं होतं का? मी म्हटलं, आमच्या बाळापाशी बसायचं तुम्हाला काय कारण? ती म्हणाली, तान्हं पोर उघड्यावर टाकून जायचं असेल तर हाक मारून जावं, तेवढंच कारण. आणि अभ्रे उचलून आत गेली.

हेरगिरी दुसरं काय. जाळी लगेच काढली, जाळीने हवा अडते. साहेबांना दोन डास चावले. डास टाकीचे आहेत, टाकी घरमालकांची आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

महत्त्वाची नोंद. १.०५ ला वीज गेली. त्याच क्षणी साहेब दचकून जागे, भोंगा सुरू. १.२० ला वीज आली. साहेब झोपले. मधली पंधरा मिनिटं ड्रम बंद, संपूर्ण शांतता, तरी ही अवस्था. यावरून हवेचा आणि विजेचा काहीतरी आतला संबंध आहे. तारांमधून हवा खेळती राहत असेल. मी भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालो ते पुस्तकांमुळे, विषयामुळे नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

ताईने बापूंना फोन केला. मी पडद्यामागे होतो, म्हणजे माझ्या खोलीत. ती सांगत होती, बापू, तो बाळाला दोन-दोन तास झोपवतो, रोज, वेळेवर, खरंच सांगते, एकदा येऊन बघा तरी. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फोन ठेवून ताई म्हणाली, बापू ‘बरं’ म्हणाले.

मी ताईला विचारलं, कोणत्या आवाजात? ती म्हणाली, बापूंच्याच. मी तिला तीन-चार तऱ्हेने ‘बरं’ म्हणून दाखवलं, यातलं कोणतं? ती म्हणाली, झोप आता.

त्यांना काय कळणार. ते दुकान सोडून कुठे जात नाहीत. माझ्या वेळी शाळेच्या बक्षीस समारंभालाही आले नव्हते. बक्षीस मला नव्हतं, पण मुद्दा तो नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

जड हवा. साहेब ताईकडे. मी केंद्राचा बोर्ड रंगवायला घेतला. भावजींनी गोदामातून फळी आणली, देताना म्हणाले, पाहुणे, फळी परत द्यावी लागते. ‘मोकळी हवा बाल’ एवढं मोठ्या अक्षरांत आलं, पुढे जागा संपली. असंही चालेल.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि गेलं. शेजारच्या बिल्डिंगमधली एक आई, कडेवर मुलगी. तिला लिंबाखाली आणून झोपलेले साहेब दाखवले, खलाशाचा फोटो तोंडी वर्णन करून सांगितला. ती ऐकत होती. तेवढ्यात ड्रममध्ये एखादा पट्टा अडकला असावा, धाड धाड व्हायला लागलं. ती म्हणाली, भाऊ, एवढ्या गोंगाटात कुणी शहाणं माणूस पोर ठेवील का? आणि निघून गेली.

झोपलेलं मूल समोर असताना. पुरावा समोर असताना.

आता बास. इतके दिवस खूप सहन केलं. ती वाफ, ती घुर्रघुर्र, तो अंगठा. माझी हवा नासवणारं माणूस एकच आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

घरमालकांना भेटलो. वरच्या मजल्यावर एकटेच असतात, निवृत्त हेडक्लार्क, घरात टेबलावर दोन रबरी शिक्के. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, लेखी आणलंय का? तिथेच बसून लिहिलं. त्यांनी दोनदा फाडायला लावलं, समास सुटला नाही म्हणून. तिसरा अर्ज पास. विषय: लाँड्रीच्या ड्रममुळे दुपारच्या हवेची होणारी हानी. खाली सही मागितली. मी केली, ठसठशीत. ते म्हणाले, भाडेकरू तुम्ही नाही. मग मी वर लिहिलं, ‘पहिल्या मजल्याच्या वतीने’. ताईला विचारायला जाणार होतो, पण तिला हे सरप्राइज द्यायचंय. सोमवारी पहिल्यांदा कामावर जाईल तेव्हा खाली अंगणात शुद्ध, निवांत हवा असेल. एवढं कुठला भाऊ करतो.

घरमालक म्हणाले, खरं सांगू का, माझीही दुपारची झोप पंधरा दिवसांपासून उडालीय. पूर्वी बिचारी सकाळी चालवायची. काय अवदसा आठवली कोण जाणे. आणि दोन्ही शिक्के मारले.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

हुकूम पोचला. सोमवारपासून बारा ते चार ड्रम पूर्ण बंद, नाहीतर गाळा खाली करा.

मी त्या वेळी योगायोगाने टाकीमागे उभा होतो. लाँड्रीवालीने कागद हात पुसून घेतला, लांब धरून वाचला. शेवटच्या ओळीवर थांबली. इस्त्रीवालीला म्हणाली, पहिल्या मजल्याच्या वतीने लिहिलंय गं. इस्त्रीवाली म्हणाली, असं कसं, तीच तर... लाँड्रीवालीने तिला गप्प केलं. मग माझ्याकडे वळली. मी दिसत होतो म्हणे. म्हणाली, सांगा वरती, बंद म्हणजे बंद, मी शब्दाची पक्की आहे. मात्र नंतर माझ्या दारात यायचं नाही.

मी म्हटलं, आम्ही कशाला येतो. टाकीमागून चांगलं खणखणीत बोललो. विजय.

१९ फेब्रुवारी, रविवार

ताईने उद्याचा पांढरा कोट स्वतःच इस्त्री केला. म्हणाली, बाईंकडे द्यायला गेले होते, त्यांनी घेतलाच नाही, पाठ फिरवली. माझं काही चुकलं का रे? मी म्हटलं, त्या बाईचा स्वभावच तसला. ताई म्हणाली, नाही रे, तसल्या नाहीत त्या. आणि इस्त्री एकाच जागी इतका वेळ ठेवली की मी ओरडलो.

मग तिने मला सगळं दाखवलं, दूध कुठे, औषध कुठे. म्हणाली, तुझ्या भरवशावर जातेय. मी म्हटलं, निश्चिंत जा. भावजी म्हणाले, पाहुणे, उद्या ट्रक-बिक अडकला तर अडकू दे.

संकल्प: उद्या पाच नाही, साडेचार.

२० फेब्रुवारी, सोमवार, ८.५०

उठलो. ताई निघून गेली होती.

१२.३०

गाडी लिंबाखाली. लाँड्रीचं मागचं दार बंद. पाइपातून वाफ नाही. बदकसुद्धा थांबलंय. एवढी शांतता की टाकीत थेंब पडलेला ऐकू येतो. दोन आठवडे याचसाठी झगडलो. साहेब, घ्या हवा.

१२.४५

साहेब घेत नाहीत. डोळे टक्क उघडे, मान लाँड्रीच्या दाराकडे. तिकडे काय आहे?

१.०५

सुरू झाले. सोमवारी हवा जड असते का ते तपासलं पाहिजे. गेल्या सोमवारी नव्हती.

१.३०

गाडी टाकीपाशी नेली. फाटकापाशी नेली. परत लिंबाखाली. बदक काढून टाकलं, त्याच्या सावलीला घाबरत असतील म्हणून. अंगाई म्हटली, मला एकच ओळ येते. साहेब जांभळे झालेत.

१.५०

घरमालक वरच्या खिडकीतून ओरडले, अहो, यापेक्षा ड्रम परवडला. स्वतःचे शिक्के विसरले. माणसाने आपल्या सहीची लाज ठेवावी.

२.१०

दूध घेत नाहीत. आवाज बसलाय, तरी रडताहेत, नुसतं तोंड उघडतं. हे बघवत नाही. ताईला फोन करणार नाही. तिचा पहिला दिवस आहे.

२.१५

फोन घरमालकांनी केला.

२.४०

ताई आली. कोटावरच आली, खिशात काचा बदलायची ती चष्म्याची चौकट तशीच. मला काही विचारलं नाही, बाळ उचललं. मग आजूबाजूला पाहून पहिला प्रश्न, ड्रम का बंद आहे?

मी सांगितलं. अर्ज, शिक्के, शुद्ध हवा, सरप्राइज. पहिल्या मजल्याच्या वतीने.

ती टाकीच्या कट्ट्यावर बसली. अगदी हळू बोलत होती, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, अरे, तो त्या ड्रमच्या आवाजावर झोपायचा. पहिल्या दिवशीच मला गॅलरीतून कळलं. मी बाईंना जाऊन सांगितलं, तर त्यांनी सकाळचं काम दुपारवर नेलं, याच्यासाठी. कपडे नसले तर दोन जुनी ब्लँकेटं टाकून रिकामा फिरवायच्या. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुला वाटत होतं तू झोपवतोस. दोन वर्षांत पहिल्यांदा तू कुठे तीन आठवडे टिकलास. वाटू दे म्हटलं.

यावर माझ्याकडे उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

३.१५

ताई लाँड्रीच्या दारात गेली. नंतर माझ्या दारात यायचं नाही असं ठणकावून सांगितलेल्या दारात, ताई बाळ घेऊन उभी. मी टाकीमागे होतो. लाँड्रीवाली म्हणाली, तुमचं बाळ आहे, तुम्हीच सही केलीत. ताई म्हणाली, सही माझी नाही हो. लाँड्रीवालीने तिच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं. म्हणाली, द्या इकडे. घरमालकांना म्हणावं, गाळा खाली करून घ्यायचा असेल तर बाळ उठल्यावर या.

ड्रमशेजारी कपड्यांची मोठी टोपली, तिच्यात गरम चादरींची चळत, त्यावर साहेब. ड्रम सुरू. मोजून दोन मिनिटं.

त्या खोलीला एक खिडकी नाही. वाफ, साबण, कोंदट. मोकळ्या हवेचा मागमूस नाही. तरी झोपले. हा माझ्या सिद्धांताचा पराभव नाही, साहेबांच्या अभिरुचीचा आहे.

३.४०

ताई दवाखान्यात परत गेली. तिथे एक माणूस एका डोळ्याचा नंबर काढून अर्धा बसलाय. डॉक्टर म्हणालेत, आजचं सोडून देतो, पुन्हा झालं तर बघावं लागेल. पुन्हा होणार नाही. उद्या मंगळवार, तिची सुट्टी. परवापासून साहेब दुपारी लाँड्रीत, सकाळ-संध्याकाळ इस्त्रीवालीची बहीण. सगळं दहा मिनिटांत ठरलं. त्यात माझा उल्लेख एकदाच झाला. जाताना ताई म्हणाली, साडेसहाला येते, तोवर बॅग भरून ठेव. बापूंना मी रात्री फोन करते.

निदान सहा गाड्यांचा खर्च वाचला.

४.४५

बॅग भरली. फळी भावजींना परत. गॅलरीचा पडदा बाजूला केला तर ही खोली नव्हतीच, नुसती जागा होती अंगणाकडे बघायची. साहेब अजून झोपलेत. अंगणात उन्हं तिरकी, हवा सुंदर आहे. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

ताईला चिठ्ठी लिहायला घेतली. चार वेळा सही केली. वर काय लिहायचं ते राहिलं.

५.०५

फाटक वाजलं म्हणून वाकून पाहिलं. बापू आलेत. सोमवारी, दुकान बंद करून. इस्त्रीचा शर्ट, हातात खुळखुळा. ताईचा फोन अजून गेलेला नाही, गेला असता तर खुळखुळा आणला नसता. त्यांना घर माहीत नाही, लाँड्रीच्या दारात थांबून विचारताहेत. हाताने पाळणा दाखवला, मग लिंबाखालची जागा दाखवली, मग चक्क हसले. लाँड्रीवाली टॉवेलला हात पुसत बाहेर आली, वर बघितलं, माझ्याकडे बोट केलं. आता ती त्यांना काहीतरी सांगतेय, बरंच सांगतेय, आणि बापू मान हलवताहेत. काय ते ऐकू येत नाही. ड्रम चालू आहे.